पंतप्रधान जाणार का राहणार, बातमी वाचताना काय बघायचं

कुठल्याबी देशात पंतप्रधानांची खुर्ची हलायला लागली की आपल्याकडं कट्ट्यावर एकच प्रश्न येतो, लोकांनी निवडून दिलेला माणूस हे मधेच काढतात कसा? कराड-इस्लामपूरच्या अभ्यासिकांतली पोरंसुद्धा हेच विचारतात म्हणून जरा नीट लिहितोय.

पहिली गोष्ट, संसदीय पद्धतीत पंतप्रधान लोक थेट निवडत नाहीत. आपल्या सातारा-सांगलीत साखर कारखान्याचे सभासद संचालक निवडून देतात आणि चेअरमन कोण ते संचालक मंडळ ठरवतं, तसंच हे आहे. थेट सरपंचाचं गणित इथं लावू नका.

आता वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडं सभागृह, उजवीकडं पक्ष. बातमीतलं मतदान यातल्या कुठल्या बाजूला होणार आहे ते आधी शोधा, निम्मा गोंधळ तिथंच संपतो.

डावी बाजू सोपी आहे. लोकसभेच्या जागा ५४३, बहुमत २७२, पण विश्वास किंवा अविश्वास ठरावाच्या दिवशी हजर राहून मत देणाऱ्यांतलं बहुमत मोजतात. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मतानं पडलं. अविश्वास ठराव दाखल करून घ्यायला ५० खासदारांचा पाठिंबा लागतो, म्हणजे ठराव आला एवढ्यानं सरकार धोक्यात आलं असं होत नाही. मग कधी येतं? १९७९ बघा. विरोधी पक्षनेते होते आपले कराडचे यशवंतराव चव्हाण, त्यांनी मोरारजींच्या सरकारवर ठराव आणला आणि सत्तेतल्या जनता पक्षातनंच माणसं बाहेर पडायला लागली, मतदानाआधीच मोरारजींनी राजीनामा दिला, मग चरणसिंग पंतप्रधान आणि यशवंतराव उपपंतप्रधान झाले, आणि ते सरकार तर लोकसभेला सामोरं जायच्या आतच गडगडलं. म्हणून विरोधकांची डोकी मोजत बसू नका, सत्ताधाऱ्यांतले कोण फुटतायत ते मोजा.

उजवी बाजू खरी गुंतागुंतीची, कारण इथं प्रत्येक पक्षाची घटना वेगळी. ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाईंना १९९० मध्ये पक्षनेतेपदाच्या मतदानात पक्षाच्या खासदारांची २०४ मतं पडली, त्यांच्याच पक्षातले प्रतिस्पर्धी हेसेल्टाइनना १५२. जिंकल्याच की! पण नियम होता १५ टक्क्यांच्या आघाडीचा, त्याला ४ मतं कमी पडली, पुढच्या फेरीआधी सहकारी मंत्र्यांनीच सांगितलं की आता जमणार नाही, आणि सार्वत्रिक निवडणूक न होता जॉन मेजर पंतप्रधान झाले. बोरिस जॉन्सन तर जून २०२२ मध्ये २११ विरुद्ध १४८ असे रीतसर जिंकले आणि महिन्याभरात मंत्र्यांच्या राजीनाम्यांची रांग लागली तसं त्यांनाबी जायला लागलं. आकड्याबरोबर मंत्री काय करतायत ते बघायचं ते यासाठी. त्यानंतर लिझ ट्रस आल्या त्या पक्षाच्या सभासदांच्या मतांवर, खासदारांत सुनक पुढं होते, आणि खासदारच पाठीशी नसलेला नेता किती टिकतो ते सगळ्यांनी पाहिलं.

आपल्याकडं पक्षाच्या नेतेपदासाठी अशी मतदानानं लढत झाली होती १९६६ ला, शास्त्रीजी गेल्यावर. काँग्रेसच्या संसदीय पक्षात इंदिराजींना ३५५, मोरारजींना १६९. पुढं दिल्लीतनं नाव यायची पद्धत पडली, १९८२ ला साताऱ्याचे बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले ते तसंच. २०१० ला पृथ्वीराजबाबा चव्हाण मुख्यमंत्री म्हणून आले तेव्हा ते विधिमंडळाचे सदस्यच नव्हते, सहा महिन्यांत निवडून यायचं असतं म्हणून विधान परिषदेवर गेले.

ब्रिटनमध्ये पक्षादेश मोडला तर पक्षातनं काढतात पण खासदारकी राहते. आपल्याकडं १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं खासदारकीच जाऊ शकते. पक्षाच्या बैठकीत नेता बदलायला हा कायदा आडवा येत नाही, तरी पुढचं तिकीट वरच्यांच्या हातात असल्यावर बोलणार कोण? मला वाटतं आपल्या लोकशाहीचं खरं दुखणं हेच आहे, निवडून दिलेल्या माणसानं आपल्याच नेत्याला प्रश्न विचारता आला पाहिजे. आणि बातमीत व्हिप, म्हणजे पक्षादेश काढणारा प्रतोद, आला की तो कुणी नेमलाय ते बघा, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की व्हिप राजकीय पक्ष नेमतो, आमदारांचा गट नाही.

शेवटचं, राजभवनात पत्रं दिली, हॉटेलात आमदार मोजले, यावर विश्वास ठेवू नका. १९९४ च्या सुप्रीम कोर्टाच्या बोम्मई निकालापासून बहुमत सभागृहातच सिद्ध करावं लागतं. त्यामुळं बहुमत चाचणीची तारीख काय आणि मतदान उघड आहे का एवढं शोधा. नोव्हेंबर २०१९ ला कोर्टानं दुसऱ्याच दिवशी चाचणी घ्या, गुप्त मतदान नको, लाइव्ह दाखवा असं सांगितलं आणि त्याच दिवशी फडणवीसांनी राजीनामा दिला, चाचणी घ्यायची वेळच आली नाही.