जुना वाडा बघून कामाची खोली कशी आखावी

बडोद्यात पश्चिमेला खिडकी असलेली खोली मे महिन्यात दुपारी चारनंतर बसण्यालायक राहत नाही. चित्र काढणं, शिवणं, लिहिणं, सगळं बंद पडतं. यावर हल्ली एकच उपाय सुचवला जातो: फोटो बघा, त्यातली एखादी खोली निवडा, भिंतीवर एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची) जाळी ठोका, कुंड्या टांगा. याला निसर्गपूरक सजावट म्हणतात. खोली होती तेवढीच तापते आणि पहिल्या पावसाळ्यात जाळीच्या कडा फुगतात. कल्पना घ्यायचीच असेल तर विजेचा पंखा येण्याआधीपासून याच उन्हात उभ्या असलेल्या घरांकडून घ्यावी. ती घरं बडोद्यात रिक्षाच्या अंतरावर आहेत.

काय बघायला जायचं

रावपुऱ्यातला तांबेकर वाडा आधी. तिथली एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं सावकाश बघण्यासारखीच आहेत. त्यांना हात किंवा टेप लावू नका. पण चित्रं बघून झाली की लगेच निघू नका. खिडकीपाशी उभं राहा आणि उजेड किती आत येतो, ऊन कुठे अडतं, समोरच्या बाजूला हवा जायला वाट कुठे आहे, ते बघा. नंतर मांडवीच्या आसपासच्या पोळींमधून, म्हणजे दाट वस्तीच्या जुन्या गल्ल्यांमधून, पायी हिंडा. तिथे माणसं राहतात, म्हणून ओट्यावर बसलेल्यांना विचारून मगच वही काढा. लक्ष्मी विलास राजवाडा (१८९०) शेवटी ठेवा किंवा सोडून द्या, कारण त्या उंचीच्या दालनातलं मोजमाप दहा बाय बाराच्या खोलीत उपयोगी पडत नाही.

एका जागी दोनदा जावं, एकदा सकाळी आणि एकदा दुपार कलल्यावर. वहीत दर खिडकीच्या चार गोष्टी लिहा: दिशा, उंची-रुंदी, भिंतीची किंवा जाळीची जाडी, आणि समोर दुसरी खिडकी, दार किंवा झरोका आहे का. फोटो काढलात तरी हे आकडे लिहाच. फोटोत जाडी आणि खोलपणा कळत नाही, आणि सगळी मेख त्यातच आहे. जाळीचा फोटो काढताना भोकात पट्टी धरून काढा.

खणाचं माप घरी नेण्यासारखं आहे. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे एक खण, आणि जुन्या घरात दार, फडताळ, खिडकी सगळं त्याच मापात बसवलेलं असतं. आपल्या खोलीतही टेबल, मांडणी आणि खिडकीची चौकट यांना एकच माप धरलं की लाकडाचे तुकडे कमी वाया जातात. कोनाडा मात्र उचलू नका. तो जाड भिंतीतून कोरलेला असतो, आणि साडेचार इंची भिंतीवर प्लायचा खोका ठोकल्याने कोनाडा होत नाही.

ऊन कसं अडवायचं

सगळ्या चुका इथे होतात, आणि इथे चुकलं तर पुढचा सगळा खर्च वाया जातो.

आधी दिशा नक्की करा. फोनचा होकायंत्र लोखंडी ग्रिलजवळ खोटी दिशा दाखवतो. गच्चीवर ओळंबा सोडा आणि सूर्य माथ्यावर असताना त्याच्या दोरीची सावली खडूने आखा, ती रेघ म्हणजे खरी उत्तर-दक्षिण. बडोद्यात सूर्य बारा वाजता माथ्यावर येत नाही. आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेषेच्या बरेच पश्चिमेला आहोत, त्यामुळे खरं मध्यान्ह साडेबाराच्या आसपास होतं; २१ मार्चला जवळजवळ पाऊण वाजता. जूनमध्ये हा प्रयोग करू नका, तेव्हा मध्यान्हीची सावली पायाखालीच राहते.

मग खोलीत जमिनीवर उन्हाच्या तुकड्याची कड दर तासाला खडूने आखा आणि रेघेवर वेळ लिहा. एक दिवस पुरतो. टेबल कुठे ठेवायचं ते त्या रेघाच सांगतात.

दक्षिणेची खिडकी सोपी आहे. बडोदं साधारण २२.३ अक्षांशावर आहे, म्हणून २१ मार्चला मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ६८ अंशांवर असतो. खिडकीच्या उंचीला ०.४१ ने गुणा, तेवढा छज्जा पुढे हवा. १२० सेंमी उंच खिडकीला ५० सेंमी. छज्जा दोन्ही बाजूंना खिडकीच्या बाहेर पुरेसा लांब असेल तर त्या दिवशी सावलीची कड भिंतीवर दिवसभर वर-खाली होत नाही, त्यामुळे तपासायला हाच दिवस उत्तम. डिसेंबरात सूर्य ४४ अंशांवर उतरतो आणि त्याच छज्ज्याखालून खिडकीच्या खालच्या ७० सेंमीतून ऊन आत येतं, थंडीत ते हवंच असतं. अडचण ऑक्टोबरची. मध्यावर त्याच खिडकीच्या तळाशी ३५ सेंमीभर ऊन शिरतं, आणि तेव्हाचा उकाडा मार्चपेक्षा जास्त असतो. त्यासाठी छज्जा वाढवू नका, नाहीतर थंडीतलं ऊन जाईल. महिनाभर चिक (काड्यांचा गुंडाळता येणारा पडदा) सोडा.

पश्चिमेला हा हिशेब चालत नाही. कंत्राटदार तिथेही छज्जाच सुचवतात, आणि ते ऐकू नये. मेच्या मध्यावर घड्याळात साडेचार वाजता सूर्य सुमारे ३५ अंशांवर असतो. १२० सेंमीच्या खिडकीवर तेव्हा पूर्ण सावली हवी तर छज्जा पावणेदोन मीटर लागेल. साडेपाच वाजता सूर्य सुमारे २१ अंशांवर आला की तीन मीटरच्या वर. असा छज्जा कोणी बांधत नाही.

आता पोळीतली लाकडी झडप किंवा दगडी जाळी पुन्हा आठवा. तिने तोच मोठा छज्जा कापून लहान तुकड्यांत एकाखाली एक रचलेला असतो. ऊन अडतं ते नक्षीने नव्हे. भोकाची उंची आणि जाळीची जाडी यांचं प्रमाण ते अडवतं. भोक जाडीएवढं असेल तर ४५ अंशांच्या वरचा सूर्य थांबतो. २० अंशांपर्यंत थांबवायचा असेल तर भोक जाडीच्या एक तृतीयांशाच्या आसपास हवं. बाजारातली १२ मिलिमीटर जाडीची, आठ-आठ सेंमी भोकांची जाळी या मापात काहीही अडवत नाही. तिची सावली मात्र भिंतीवर सुंदर पडते आणि तीच बघून लोक विकत घेतात. कृपा करून घेऊ नका.

सुताराकडून करून घ्यायचं ते असं: आडव्या, सपाट पट्ट्या, प्रत्येकी १० सेंमी खोल, दोन पट्ट्यांच्या मध्ये साडेतीन सेंमी मोकळी जागा. यातून मे महिन्यात संध्याकाळी साडेपाचपर्यंत थेट ऊन आत येत नाही आणि वारा येत राहतो. बडोद्यात उन्हाळ्याचा आणि पावसाळ्याचा वारा मुख्यतः नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे तापणारी खिडकी हीच वाऱ्याची खिडकी. तिला काच लावून, फॉइल चिकटवून कायमची बंद करणं हा सर्वात वाईट सल्ला आहे. वारा येण्यासाठी समोरच्या भिंतीला वरच्या बाजूला झरोका किंवा निदान दारावर उघडी जाळी हवी. बाहेर जायला वाट नसेल तर पट्ट्या कितीही अचूक असोत, हवा हलत नाही.

पट्ट्या काचेच्या बाहेर लावायच्या. आतल्या बाजूचा पडदा ऊन अडवतो, पण तोवर उष्णता काचेतून आत आलेली असते आणि ती खोलीतच राहते. बाहेरची चौकट आणि काच यांच्यात १० ते १५ सेंमी फट ठेवा आणि ती फट वर व खाली उघडी ठेवा, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाते. हीच फट बंद केल्याने चांगली झडपही वाया गेलेली दिसते.

लाकडाची ऑर्डर देण्याआधी एक आठवडा नमुना लावून बघा. जाड पुठ्ठ्याच्या १० सेंमीच्या पट्ट्या दोरीत ओवून साडेतीन सेंमीवर गाठी मारा आणि खिडकीबाहेर टांगा. खडूच्या जुन्या रेघा तिथेच असतात, फरक लगेच दिसतो. उजेड फार कमी झाला असं वाटलं तर पट्ट्यांमधलं अंतर वाढवू नका. पट्ट्यांची वरची बाजू पांढरी रंगवा, उजेड छताकडे उसळतो.

भाड्याच्या घरात बाहेर बांबूची चिक, खालून दोन्ही टोकांना बांधलेली. मोकळी सोडली तर पहिल्याच वावटळीत फाटते. वाळ्याचा ओला पडदा एप्रिल-मेच्या कोरड्या हवेतच गारवा देतो. पावसाची दमट हवा सुरू झाली की काढून, पूर्ण सुकवून ठेवा.

उत्तरेची खिडकी चित्रकामाला सर्वात चांगली, तिथला उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. पण आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत, आणि मे ते जुलै सकाळ-संध्याकाळ तिथेही तिरपं ऊन येतं. संध्याकाळच्या उन्हासाठी खिडकीच्या पश्चिम कडेला एक उभी फळी लावा, खिडकीच्या रुंदीच्या निम्मी खोल. ९० सेंमीच्या खिडकीला ४५.

बाकीचं

खोली थेट गच्चीखाली असेल तर वरचं सगळं करण्याआधी गच्ची पांढरी करा. फुटक्या पांढऱ्या टाइल्सचं चायना मोझॅक गुजरातेत वर्षानुवर्षं चालत आलं आहे. दर मीटरला एक सेंमी उतार ठेवा, आणि रंगीत तुकडे नक्षीपुरतेच.

टेबलासाठी पाडलेल्या घराचं सागवानी दार घ्या. टाचणीने टोचून बघा, भुगा पडला तर सोडा. रंधा मारण्याआधी सगळे खिळे काढा. उंची ७५ सेंमी, उभं राहून काम करायचं असेल तर ९०.

संखेड्याची लाखकामाची खुर्ची खोलीला शोभते. तिच्यावर गरम भांडं ठेवू नका. छोटा उदेपूरच्या राठवा आदिवासींचा पिठोरा, म्हणजे घराच्या भिंतीवरचं चित्र, हा नवसाचा, पूजेचा विधी आहे. स्टेन्सिलने तो भिंतीवर छापू नका. पिठोरा लिहिणाऱ्या चित्रकाराला मान आणि मोबदला देऊन त्याच्याकडूनच काही करून घेता आलं तर घ्या.

भिंतीला चुन्याची सफेदी. जुना प्लॅस्टिक पेंट असेल तर तो पूर्ण खरवडा, त्याच्यावर चुना धरत नाही आणि पापुद्रे सुटतात. कळीचा चुना पाण्यात थोडा थोडा टाकत विरवायचा. चुन्यावर पाणी ओतलं तर उकळून अंगावर उडतो. डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे घालूनच. निदान आठवडाभर पाण्याखाली मुरू द्या, कापडातून गाळा आणि दुधाइतका पातळ करा. भिंत ओली करून तीन पातळ हात, दोन हातांमध्ये एक दिवस. पहिला हात ओला असताना भिंत जवळजवळ तशीच दिसते आणि माणूस घाबरून चुना घट्ट करतो. करू नका. वाळताना तो पांढरा होत जातो, आणि घट्ट लावलेला चुना हात लावला की पीठ होऊन कपड्याला लागतो.