मेंदूच्या ऊतीतील डोपामाइन एलायझा किटने कसे मोजावे

डोपामाइन हे मेंदूतील संदेशवाहक रसायन आहे आणि एलायझा ही प्रतिपिंडे व रंग वापरून त्याचे प्रमाण मोजण्याची चाचणी. या मोजणीत सर्वाधिक चुका चाचणीच्या प्लेटवर होत नाहीत, त्या नमुना किटपर्यंत पोचण्याआधीच झालेल्या असतात. म्हणून सुरुवात ऊतीपासून करावी. संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची परवानगी हाती असल्यावरच उंदराच्या मेंदूतून स्ट्रायटम (डोपामाइन भरपूर असलेला मेंदूचा भाग) बर्फावर, शक्य तितक्या लवकर वेगळे काढावे, वजन करून लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवावे आणि उणे 80 अंशांवर ठेवावे. हवेशी संपर्क आला की डोपामाइनचे ऑक्सिडीकरण होते. त्यामुळे ऊती घोटण्यासाठी 0.01 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यावे आणि त्यात ऑक्सिडीकरण रोखण्यासाठी 1 मिलिमोलर ईडीटीए (धातूंचे आयन बांधून ठेवणारे रसायन) व 4 मिलिमोलर सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळावे. मिश्रण सेंट्रिफ्यूज करून वरचा निवळ द्रव छोट्या नळ्यांत विभागून ठेवावा, म्हणजे तेच नमुने पुन्हा पुन्हा वितळवावे लागत नाहीत.

मुंबईत नमुने एका प्रयोगशाळेतून दुसरीकडे न्यायचे असतील, तर अर्ध्या तासाचा प्रवास पावसात दीड तासाचा होईल हे धरूनच थर्माकोलच्या पेटीत कोरडा बर्फ भरावा. पेटीचे झाकण मात्र हवाबंद करू नये, कारण आत सतत वायू तयार होत असतो.

डोपामाइनचा रेणू अवघा 153 डाल्टनचा असल्याने दोन प्रतिपिंडे त्याला एकाच वेळी पकडू शकत नाहीत, म्हणून ही किट्स स्पर्धात्मक पद्धतीची असतात. वेलच्या (प्लेटवरील छोट्या खळग्याच्या) तळाशी बसवलेले डोपामाइन आणि नमुन्यातील डोपामाइन मर्यादित प्रतिपिंडांसाठी झगडतात. रंग येतो तो तळाशी चिकटून राहिलेल्या प्रतिपिंडांमुळे. म्हणून नमुन्यात डोपामाइन जितके जास्त, तितका शेवटी रंग कमी. पहिल्यांदा हे काम करणारा विद्यार्थी हमखास इथेच गोंधळतो. अनेक किट्समध्ये आधी बोरोनेट जेलवर निष्कर्षण (डोपामाइन जेलला चिकटवून वेगळे काढणे) आणि मग अॅसिलीकरण (प्रतिपिंडाला ओळखता यावे म्हणून रेणूत रासायनिक बदल) करावे लागते. या पायऱ्या स्टँडर्ड (डोपामाइनचे प्रमाण आधीच माहीत असलेली द्रावणे), कंट्रोल (चाचणी नीट चालली का ते तपासण्याचे नमुने) आणि नमुने या सगळ्यांवर सारख्याच करायच्या असतात.

जुलैच्या दमट हवेत फ्रिजमधून काढलेले प्लेटचे पाकीट लगेच उघडले, तेव्हा वेलच्या पट्ट्यांवर बारीक दव जमलेले मी पाहिले आहे. त्या दिवशी एकाच नमुन्याच्या दोन (डुप्लिकेट) वेलमधील आकडे एकमेकांशी जुळले नाहीत. तेव्हापासून पाकीट बंद ठेवूनच किमान अर्धा तास खोलीच्या तापमानाला येऊ देते, आणि एसीचा झोत थेट प्लेटवर येणार नाही अशी जागा निवडते.

प्रत्येक स्टँडर्ड आणि नमुना दोन वेलमध्ये घ्यावा व दर वेळी नवी टिप वापरावी. धुतल्यावर प्लेट उलटी करून टिपकागदावर नीट आपटावी, कारण तळाशी राहिलेला वॉश बफर पुढच्या द्रावणाला पातळ करतो. सबस्ट्रेट, म्हणजे रंग आणणारा घटक, प्रकाशापासून झाकून ठेवावा. अभिक्रिया थांबवणारे स्टॉप द्रावण सबस्ट्रेट टाकला त्याच क्रमाने आणि त्याच वेगाने टाकावे, निळा रंग पिवळा झाला की किटमध्ये दिलेल्या वेळेच्या आत 450 नॅनोमीटरवर वाचन घ्यावे.

स्टँडर्डवरून चार-घटकी लॉजिस्टिक वक्र (रंगावरून प्रमाण काढण्याचा S-आकाराचा आलेख) काढावा. वक्राच्या टोकांवर पडणारे नमुने सौम्यीकरण बदलून पुन्हा लावावेत. मेटाबायसल्फाइट प्रथिने मोजण्याच्या बीसीए चाचणीत अडथळा आणते, म्हणून प्रथिनाऐवजी ओल्या ऊतीच्या वजनावर हिशेब करणे मला अधिक भरवशाचे वाटते. 20 मिलिग्रॅम ऊती 1 मिलिलिटर द्रावणात घोटली, ती 100 पट सौम्य केली आणि वक्रावर 2 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर मिळाले, तर मूळ द्रवात 200 नॅनोग्रॅम, म्हणजेच दर मिलिग्रॅम ऊतीला 10 नॅनोग्रॅम डोपामाइन होते. स्ट्रायटमसाठी हा आकडा अपेक्षेजवळचा आहे. याच्या दशांशच मिळाला, तर आधी सौम्यीकरणाची नोंद तपासावी आणि मग नमुना किती वेळ बर्फाबाहेर राहिला ते पाहावे.