टॉवेल वाळेना, म्हणून पंखा

सोलापुरात टॉवेल वाळत नाही म्हटलं तर लोक हसतील. पण जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटचं बाथरूम इमारतीच्या डक्टकडे तोंड करून आहे. ऊन कधी शिरत नाही, आणि पाणी रोज येत नाही म्हणून कोपऱ्यात भरलेला बॅरल कायमचा. पावसाळ्यात छताला काळे ठिपके धरले, दांडीवरच्या टॉवेलला कुबट वास यायला लागला.

मोठा तो चांगला, या हिशोबाने मी 9 इंची एक्झॉस्ट आणला. शेजारच्या मामींनी विचारलं, "काय गं, घरात माग बसवलास की काय?" आणि एवढा आवाज करूनही आरशावरची वाफ तशीच.

चूक पंख्याची नव्हती. नवं पीव्हीसीचं दार खाली फरशीला टेकत होतं. आत हवा यायलाच वाट नाही, तर पंखा बाहेर काय फेकणार? सुताराकडून दार खालून अर्धा इंच कापून घेतलं, तेव्हा फरक पडला. म्हणून पंखा घेण्याआधी दार बघा.

मापाचा हिशोब सोपा आहे. आमचं बाथरूम 5 बाय 7, उंची 9 फूट, म्हणजे 315 घनफूट, साधारण 9 घनमीटर. तासाला दहा वेळा हवा बदलली की पुरे, म्हणजे 90 घनमीटर. खोक्यावर 'एअर डिलिव्हरी' लिहिलेली असते, ती वाचा. साधा 6 इंची पंखाही एवढं सहज ओढतो. शटर असलेलाच घ्या, नाहीतर डक्टमधली कबुतरं आत संसार थाटतील.

बसवायची जागा दाराच्या समोर, जमेल तितकी उंच, शॉवरपासून लांब. आम्ही व्हेंटिलेटरच्या वरच्या काचपट्ट्या काढून तिथे पीव्हीसी शीट लावली आणि पंख्याच्या मापाचं भोक पाडलं. प्लाय नको, फुगतो. पंख्यावरचा बाण बाहेरच्या दिशेला हवा. आमच्या वायरमनने उलटा बसवला होता, आणि डक्टमधला सगळ्या मजल्यांचा वास आमच्याकडे!

वायरिंग मात्र वायरमनकडूनच करून घ्या, पण डोळे उघडे ठेवून. मेन बंद केल्यावर टेस्टरने खात्री केली का, अर्थिंगची हिरवी वायर जोडली की नुसती कापून ठेवली, ते बघा. स्विच बाथरूमच्या बाहेर. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लगेच वीज तोडणारा स्विच) नसेल तर याच वेळी बसवून घ्या.

गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर आधी तो बाहेर काढा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एक्झॉस्ट आहे म्हणून भागेल असं समजू नका. दार-खिडकी बंद असताना पंख्याच्या ओढीने जळलेला वायू उलटा आतही येतो.

झालं की दार लावून, पंखा चालू करून दाराखालच्या फटीपाशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. अंघोळ झाल्यावर पंधरावीस मिनिटं पंखा चालू राहू द्या. पात्यांवरची धूळ महिन्यातून एकदा पुसा, स्विच बंद करूनच.

तो 9 इंची आता स्वयंपाकघरात आहे. चटणीसाठी शेंगदाणे आणि मिरच्या भाजताना माग चालला तरी मामी काही बोलत नाहीत. चटणी त्यांच्याकडेही जाते.