हातचा डाव घालवू नका: राष्ट्रीय महिला बुद्धिबळ स्पर्धेत या चुका टाळा

1974 मध्ये बंगळूर येथे वासंती खाडिलकर यांनी पहिले राष्ट्रीय महिला अजिंक्यपद मिळवले, तेव्हापासून मराठी मुली या स्पर्धेकडे मोठ्या आशेने पाहत आल्या आहेत. त्यांची ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची, तयारी उत्तम असते. पण घड्याळात मिनिटभर उरले, की नियमांच्या अज्ञानापायी हातातला अर्धा गुण निसटतो, याचे मला फार वाईट वाटते.

सर्वाधिक घोळ होतो तो तिहेरी पुनरावृत्तीचा, म्हणजे तीच स्थिती तीनदा आल्यामुळे बरोबरीचा (अर्ध्या गुणाचा), दावा करताना. तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असे दिसताच खेळाडू घाईने चाल करते, घड्याळ दाबते आणि मग पंचांना हाक मारते. तोवर तिचा हक्क गेलेला असतो. योग्य रीत अशी, की मोहऱ्याला हात न लावता ती चाल आधी स्कोअरशीटवर (चाली नोंदवण्याच्या कागदावर) लिहावी, घड्याळ थांबवावे आणि पंचांना दावा सांगावा. एरवी चाल खेळण्यापूर्वी लिहिण्यास मनाई असल्याने मुलींचा येथे गोंधळ उडतो, आणि तो स्वाभाविकही आहे. स्थिती लागोपाठच यावी लागते असे नाही. मात्र चाल करण्याची पाळी त्याच खेळाडूची हवी आणि किल्लेकोटाचे (राजा व हत्ती एकाच चालीत हलवण्याचे) व ‘आँ पासाँ’चे (दोन घरे पुढे आलेले शेजारचे प्यादे आपल्या प्याद्याने लगेच मारण्याचे) हक्कही तेच हवेत. दावा चुकला, तर प्रतिस्पर्ध्याला 2 मिनिटे वाढवून मिळतात आणि लिहिलेली चाल खेळावीच लागते. प्रत्येक चालीमागे 30 सेकंद वाढवून मिळत असतील, तर शेवटच्या मिनिटातही चाली लिहिणे बंधनकारक असते; अपुऱ्या स्कोअरशीटवरून पुनरावृत्ती दाखवणार तरी कशी?

बढतीच्या वेळी, म्हणजे शेवटच्या ओळीत पोहोचलेल्या प्याद्याच्या जागी वजीर किंवा दुसरे मोहरे ठेवतानाही, असाच घात होतो. प्यादे शेवटच्या ओळीतील g8 या घरावर पोहोचले, जवळ जादा वजीर नाही, म्हणून वजीर समजून हत्ती उलटा ठेवला, तर पंच तो हत्तीच मानतात. अशा वेळी घड्याळ थांबवून पंचांकडे वजीर मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, तो निःसंकोच वापरा. प्यादे न बदलता घड्याळ दाबणे ही बेकायदा चाल ठरते.

किल्लेकोट करताना आधी राजाच उचलावा. हत्तीला मुद्दाम आधी स्पर्श झाला, तर त्या बाजूचा किल्लेकोट त्या चालीला करता येत नाही आणि शक्य असल्यास हत्तीच हलवावा लागतो.