टोपीचा झगा शिवताना या चुका टाळा

इंदूरला आमच्या कॉलनीत गणेशोत्सवात मुलांचं नाटक होतं आणि त्याचे कपडे शिवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. यंदाच्या नाटकात जुन्या युरोपातला एक मठ होता. पाच मुलांना पायघोळ तपकिरी झगे हवे होते, मागे टोपी जोडलेले. एका मुलाची आई म्हणाली, "काकू, कुंचीसारखंच ना? मग काय कठीण आहे!"

दिसायला खरंच तसंच आहे. तान्ह्या बाळाच्या कुंचीलाही डोक्यावर टोपडं आणि पाठीवर कापड असतं. पण कुंचीची नाडी हनुवटीखाली बांधतात, तिचा भार डोकं आणि नाडी मिळून पेलतात. झग्याची टोपी गळ्याच्या शिवणीला लटकलेली असते. ती डोक्यावर असो की पाठीवर, सगळी ओढ त्या एका गोल शिवणीवर येते. टोपी मागे घसरते, गळ्याला काचते, डोळ्यांवर येते, खांदे उचलले जातात, अशा तक्रारी आल्या की मी आधी गळाच तपासते.

गळा कापलेल्या कडेवर मोजू नका

ही चूक अगदी सरावलेल्या हातांकडूनही होते. गळा कापून झाला की आपण टेप घेऊन कापलेली कड मोजतो आणि टोपीची खालची बाजू तेवढीच ठेवतो. पण शिवण कडेवर येत नाही, ती अर्धा इंच आत येते. गळा गोल आहे. गोलाची त्रिज्या अर्ध्या इंचाने वाढली की घेर ३ इंचांहून जरा जास्तच वाढतो. म्हणजे कडेवर १४ इंच भरलेला गळा शिवणीच्या रेषेवर १७ इंचांचा असतो. टोपीची खालची कड जवळजवळ सरळ असते, तिच्यात हा फरक पडत नाही. मग शिवायला बसलं की टोपी ३ इंच अपुरी पडते, आपण ती ताणून लावतो आणि गळ्याभोवती चुण्या उभ्या राहतात. त्या इस्त्रीने बसत नाहीत.

म्हणून खडूने शिवणीची रेषा आधी आखून घ्या आणि तिच्यावर टेप आडवी न ठेवता कडेवर उभी धरून फिरवा, म्हणजे ती वळणाबरोबर नीट वळते. समोरचा मध्य, दोन्ही खांदे आणि पाठीचा मध्य अशा चार खुणा झग्यावर आणि तशाच चार टोपीवर करा. शिवताना खुणेला खूण जुळलीच पाहिजे. टोपी थोडी जास्त भरली तर ते जास्तीचं कापड मानेमागे दोन छोट्या प्लेट्समध्ये घ्या. समोर घेऊ नका, तिथे हनुवटीखाली गोळा होतो. शिवून झालं की वळणावर बारीक काप द्या आणि टीप तुटणार नाही एवढं अंतर राखा. उलट चूकही होते. माया (शिवणीसाठी सोडायचं जास्तीचं कापड) न सोडता गळा हव्या त्या मापाचाच कापला तर शिवल्यावर तो ढगळ होतो आणि टोपी खांद्यांवरून घसरू लागते.

टोपीचं माप मान हलवून घ्या

टोपीला दोन मापं लागतात. एक, गळ्याच्या समोरच्या खळगीपासून डोक्यावरून जाऊन परत तिथेच. दुसरं, एका भुवईच्या टोकापासून डोक्यामागून दुसऱ्या भुवईच्या टोकापर्यंत. आमच्या ११ वर्षांच्या मुलाचं पहिलं माप २६ इंच भरलं, दुसरं १८. दोन्ही निम्मी करायची. उंचीत दीड इंच सैल सोडायचं आणि खोलीत एक ते दीड.

मी पहिली टोपी मांजरपाटावर कापली तेव्हा खोली १३ इंच ठेवली होती, कारण चित्रांत त्या टोप्या भरघोस दिसतात. मुलगा सरळ उभा होता तोवर छान दिसला. दिग्दर्शकाने "गुरूंना नमस्कार कर" म्हटलं, तो वाकला आणि टोपी थेट नाकावर आली. मान वर केली तर ती मागे पडली आणि समोरचा गळा घशाला लागला. त्याने दोन्ही हातांनी गळा पुढे ओढून धरला आणि संवाद तसाच म्हटला. तेव्हा खोली साडेदहावर आणली. मांजरपाट होतं म्हणून मूळ कापड वाचलं. तालमीच्या दिवशी हे करा: वाका, वर बघा, दोन्ही बाजूंना वळा, मग माप पक्कं करा.

टोपी दोन तुकड्यांची की तीन, हे पात्रावर ठरवा. दोन तुकडे मागच्या बाजूने जोडले की डोक्यामागे टोक निघतं. ते हवं असेल तर उत्तम. फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्याशांच्या परंपरेतली कापुचिन शाखा, जिला १५२८ मध्ये पोपची मान्यता मिळाली, तिचं नावच लांब टोकदार टोपीवरून पडलं आणि कापुचिनो कॉफीला नाव मिळालं ते त्यांच्या झग्याच्या रंगावरून. आमच्या नाटकात असं टोक नको होतं. म्हणून मधे ४ इंच रुंदीची पट्टी घालून तीन तुकड्यांची टोपी केली. ती डोक्याच्या गोलाईवर बसते आणि एका बाजूला कलत नाही.

टोपीची कड चेहऱ्याच्या किती पुढे असावी? स्टेजचा बराच प्रकाश वरून येतो. कड कपाळापुढे आली की डोळे काळोखात जातात आणि प्रेक्षकांना फक्त हनुवटी दिसते. बोलणाऱ्या पात्रासाठी कड केसांच्या रेषेमागे बोटभर ठेवा. गूढ, न बोलणारं पात्र असेल तर पुढे आणा. कडेत इंचभर रुंदीची बकरमची (ताठ अस्तराच्या कापडाची) पट्टी घातली की ती लोळत नाही. कान मात्र झाकलेच जातात, तेव्हा मुलांना टोपी घालूनच तालीम करू द्या. नाहीतर ऐन प्रयोगात विंगेतून सांगितलेलं त्यांना ऐकू येत नाही.

घशाला काचत असेल तर

टोपी पाठीवर टाकली की सगळं वजन मागे जातं, मागचा गळा खाली उतरतो आणि समोरचा वर सरकून घशाला टेकतो. पुष्कळजण मग समोरचा गळा खोल कापतात. त्याने घसा सुटतो, पण टोपी आणखी मागे जाते आणि झगा खांद्यांवरून उतरू लागतो. कापण्याआधी मागचा गळा बघा. तो अर्ध्या इंचाहून खोल नको. मग आतल्या बनियनच्या दोन्ही खांद्यांवर एकेक टिचबटण लावा आणि त्याची जोडी झग्याच्या खांद्याच्या शिवणीत आतून शिवा. झगा खांद्यावर अडकला की टोपीची ओढ तिथेच थांबते. पाचही झग्यांना मी हे केलं आणि तक्रार संपली. डोक्यावरून घसरणाऱ्या टोपीसाठी टाळूच्या जागी आतून मखमलीची पट्टी शिवा, ती केसांना धरून राहते.

लहान मुलांच्या टोपीला ओढायची नाडी घालू नका, याबाबत मी कुणाचंही ऐकत नाही. नाडी कशात अडकली की गळफास बसतो. युरोपच्या सुरक्षा-मानकात ७ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांत टोपीला आणि गळ्याला ओढायच्या नाड्या चालत नाहीत. समोर बंद हवा असेल तर टिचबटण किंवा व्हेल्क्रो लावा. दोन्ही ओढल्यावर सुटतात.

बाही आणि बगल

हात वर केला की अख्खा झगा गुडघ्यापर्यंत उचलला जातो, याचं कारण बहुतेक वेळा खोल मुंढा (बाही जोडायची गोलाई) असतो. मुंढा खोल केला की हात मोकळा होईल असं वाटतं, प्रत्यक्षात हात आणि कमर एकमेकांना बांधले जातात. मुंढा बेताचा ठेवा आणि बगलेत ४ इंचांचा चौकोनी चौबगला तिरका बसवा, सदऱ्याला घालतात तसा.

रुंद बाह्या दिसतात छान, पण गणपतीपुढे निरांजन असतं आणि नाटकाच्या आधी मुलं त्याच कपड्यांत आरतीला उभी राहतात. सिंथेटिक कापड पेटलं की वितळून कातडीला चिकटतं, सुती कापडही पेटायला वेळ लावत नाही. आम्ही बाहीच्या आत इलॅस्टिकचा फास लावला आणि आरती होईपर्यंत बाह्या वर अडकवून ठेवल्या.

कापड

राजवाड्याच्या आसपास नाटकाचं कापड मागितलं की दुकानदार आधी साटीन आणि मखमल काढतो. साटीन टोपीसाठी घेऊ नका, ते घसरतं आणि दिव्यांत चमकतं. मखमल सप्टेंबरच्या दमटपणात मुलांना घामाने भिजवते, शिवाय तिची लव सगळ्या तुकड्यांत एकाच दिशेला ठेवावी लागते. तशी नसेल तर टोपी एका रंगाची आणि झगा दुसऱ्याच रंगाचा दिसतो. मी सुती केसमेंट घेते. त्याला वजन आहे, घडी नीट पडते, १४ नंबरची सुई पुरते. कापायच्या आधी रात्रभर भिजवा, वाळवा, इस्त्री करा. ५ फूट ६ इंच उंचीच्या माणसाला ४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) कापड साधारण ५ मीटर लागतं, ५८ इंची पन्हा मिळाला तर ४ मीटरमध्ये होतं. टोपीचं कापड यातच धरलं आहे.

लांबी सगळ्यात शेवटी

फ्रान्सिस्कनांच्या कमरेला पांढरी दोरी असते, तिला तीन गाठी: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या व्रतांच्या. दोरी आवळली की झगा इंच-दीड इंच वर जातो. दोरी न बांधता लांबी ठरवली तर प्रयोगात घोटे उघडे पडतात. आणि दोरीचा विचार करून अंदाजाने लांब ठेवला तर पायऱ्या चढताना मुलं स्वतःच्याच झग्यावर पाय देतात. खालचा घेर तिरक्या कापडाचा असेल तर तो स्वतःच्या वजनानेच लांबतो. म्हणून झगा एक पूर्ण दिवस हँगरवर टांगून ठेवा. मग मुलाला प्रयोगातल्याच चपला घालून, दोरी बांधून उभं करा, आणि समोरची कड जमिनीपासून दोन इंच वर येईल अशा टाचण्या लावा. त्याला विंगेच्या पायऱ्या दोनदा चढू-उतरू द्या. पाय कुठेच अडकला नाही तरच तुरपाईला बसा.