फोन खिशातून काढला, तपासणी मात्र राहिली: या चुका टाळा

"फोन आता मी बॅगेत ठेवतो हं." वीर्याच्या नमुन्याची डबी माझ्या हातात देता देता पुरुष हे वाक्य बोलतात. आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. ठाण्यात नौपाड्यातल्या एका लॅबमध्ये वीर्य तपासणीचं टेबल गेली बारा वर्षं माझ्याकडे आहे. लग्नाला चार वर्षं झालेली असतात, बायकोची सोनोग्राफी, हार्मोन्स, नळ्यांची तपासणी सगळं उरकलेलं असतं, आणि नवऱ्याची ही पहिली डबी असते. पॅन्टच्या खिशातल्या फोनने शुक्राणू कमी होतात असं कुठेतरी ऐकलेलं असतं, म्हणून मधल्या काळात त्याने केलेला एकमेव उपाय म्हणजे खिसा बदलणं.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. फोनवर खापर फोडायचं आणि स्वस्थ बसायचं. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाच्या बाजूचंही कारण असतं, आणि ही तपासणी सगळ्यात सोपी. सुई नाही, भूल नाही. तरी ती शेवटी होते.

मग फोनचं काहीच नाही का? तसंही नाही. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या २,८८६ तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसातून २० पेक्षा जास्त वेळा फोन वापरणाऱ्यांत शुक्राणूंची संख्या मिलिलिटरमागे ४.४५ कोटी भरली, आठवड्यातून जेमतेम एकदा वापरणाऱ्यांत ५.६५ कोटी. फरक आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेची खालची मर्यादा १.६ कोटी आहे, म्हणजे दोन्ही आकडे तिच्या बरेच वर. शुक्राणूंच्या हालचालीत आणि आकारात फरक दिसला नाही. आणि ज्याच्यावर घरोघरी वाद होतात तो मुद्दा, फोन पॅन्टच्या खिशात की दुसरीकडे, त्यानेही फरक पडलेला दिसला नाही. शिवाय हा संबंध २००५ ते २००७ च्या नोंदींत ठळक होता, पुढे नवी नेटवर्क आली तसा फिका होत गेला. दिवसभर फोनला चिकटलेला माणूस झोपतो किती, हालतो किती, तेही यात मिसळलेलं असू शकतं. फोन बॅगेत ठेवायचा तर जरूर ठेवा, फुकटचा उपाय आहे. फक्त त्याला उपचार समजू नका.

स्टिकर आणि टॉवर

फोनच्या पाठीला 'रेडिएशन शोषणारा' गोल स्टिकर लावून येणारे भेटतात. त्याने अँटेना झाकली गेली तर फोन उलट जास्त जोर लावतो. फोनचं गणितच तसं आहे: सिग्नल कमकुवत, तर प्रक्षेपण जास्त. रेल्वेच्या बोगद्यात कॉल तुटू लागला की फोन टॉवर शोधत धडपडत असतो. सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये, लिफ्टमध्ये तेच. अशा जागी बोलणं आवरतं घ्या, एवढं पुरे.

म्हणूनच गच्चीवरचा टॉवर हटवायला सह्या गोळा करणाऱ्या काकांना मी एक सांगतो. टॉवर लांब गेला की तुमच्या मांडीवरचा फोन जास्त जोरात बोलणार. काकांना ते पटत नाही, तो भाग वेगळा. स्टार हॅश शून्य सात हॅश डायल केलं की बहुतेक फोनवर सारचा (SAR, म्हणजे फोनच्या लहरींतून शरीर किती ऊर्जा शोषतं त्याचा) आकडा दिसतो. भारतात त्याची मर्यादा किलोमागे १.६ वॅट आहे.

लॅपटॉपची गोष्ट मात्र निराळी, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. अंडकोष शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी थंड राहायला हवेत, म्हणून तर ते बाहेर आहेत. २९ पुरुषांवरच्या एका अभ्यासात तासभर मांडीवर लॅपटॉप ठेवल्यावर तिथलं तापमान अडीच अंशांहून जास्त चढलं. ऐरोली-महापेच्या आयटीवाल्यांनो, घरून काम करताना बेडवर नको, टेबलावर बसा.

डबीच्या चुका

इथे खरा गोंधळ होतो. मागच्या पावसाळ्यात कासारवडवलीहून एक जण आला. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास, आणि डबी कशात, तर बर्फाच्या पाकिटांसोबत टिफिन बॅगेत! "खराब होऊ नये म्हणून," म्हणाला. मायक्रोस्कोपखाली एकही शुक्राणू धड हलत नव्हता. तो रिपोर्ट तसाच डॉक्टरांकडे गेला असता तर? मी परत बोलावलं, लॅबच्याच खोलीत सॅम्पल घेतलं, निम्म्याहून जास्त हलत होते.

घरून आणायचंच असेल तर शर्टाच्या आत, अंगाच्या उबेत ठेवा आणि तासाभरात पोचवा, अर्ध्या तासात जमलं तर उत्तम. आधी दोन ते सात दिवसांचं अंतर हवं. साधा कंडोम किंवा तेल वापरू नका. पहिला थेंब डबीबाहेर सांडला तर सरळ सांगा, शुक्राणू सगळ्यात जास्त त्यातच असतात. लाजून गप्प बसलात तर काउंट उगाच कमी येतो.

जिमचं इंजेक्शन

फॉर्मवर औषधांचा रकाना असतो. दंड फुगलेले तरुण तिथे 'काही नाही' लिहितात. बाहेरून, म्हणजे अशा इंजेक्शनातून, घेतलेलं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन मेंदूला 'पुरेसं आहे' असा निरोप देतं आणि शुक्राणू बनणं बंद पडतं, कधी कधी थेट शून्यावर. फोनबद्दल न विचारता बोलतात, याबद्दल विचारलं तरी नाही. तंबाखू-गुटखाही असाच लपवतात. व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा, हे तर बऱ्याचदा युरोलॉजिस्टने तपासल्याशिवाय कळत नाही.

आणि एका रिपोर्टवर हातपाय गाळू नका. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, बाहेर यायला आणखी काही. आजच्या डबीत अडीच-तीन महिन्यांपूर्वीचा ताप दिसतो. कळव्याचा एक रिक्षावाला ९० लाखांचा काउंट घेऊन रडवेला झाला होता. विचारलं तर दोन महिन्यांपूर्वी डेंग्यू, आठवडाभर १०३ ताप. तीन महिन्यांनी परत आला, तेव्हा काउंट ३ कोटी ८० लाख.

"बघा, फोन डॅशबोर्डवर ठेवायला लागलो ना," तो खुशीत म्हणाला.

"डेंग्यूपण बरा झाला ना," मी म्हटलं आणि रिपोर्टवर शिक्का मारला.