दाढ काढलीत? मग आधी थुंकणं थांबवा

जेवून जायचं, शुगर-ब्लडप्रेशर आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या डॉक्टरांना सांगायच्या, त्या मनानं बंद करायच्या नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे असं धरते. दाढ काढणं डॉक्टरांचं काम, ते होतं. गोंधळ होतो तो घरी गेल्यावर. कुडाळात एका दाताच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली सोळा वर्षं काढली, त्यात हा गोंधळ इतक्या वेळा निस्तरलाय की आता कुणी 'कोमट पाण्यानं लगेच चुळा भरा' असा सल्ला दिला की माझं डोकं फिरतं.

कापसाचा बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरा. दर पाच मिनिटांनी काढून बघू नका. लाळ लाल दिसली म्हणून घाबरू नका, चमचाभर रक्त लाळेत मिसळलं की वाटीभर वाटतं. बोळा काढल्यावरही भळभळत असेल तर स्वच्छ ओला गॉज घडी करून पुन्हा अर्धा तास दाबा. तरी थांबलं नाही तर फोन करा.

बधिरपणा जाईपर्यंत गरम चहा नाही, चावणं नाही. खालच्या जबड्याचा बधिरपणा दोन-चार तास राहतो आणि पोरं तेवढ्यात ओठ चावून सुजवून घेतात.

आता मुख्य गोष्ट. दाढ निघाली की त्या खड्ड्यात रक्त साकळून गुठळी बसते. ती घाण नव्हे. खालच्या हाडावरचं आणि नसांवरचं ते झाकण आहे, आणि जखम त्याच्याच आधारानं भरते. थुंकताना किंवा काही ओढताना तोंडात चोखण तयार होते आणि गुठळी उपटून येते. हाड उघडं पडतं. डॉक्टर याला ड्राय सॉकेट म्हणतात. खालच्या अक्कलदाढेला हा त्रास जास्त.

हे सगळं दुसऱ्यांना सांगणारी मी स्वतः यात सापडले. मे महिना, माझी खालची अक्कलदाढ काढून दुसरा दिवस. वहिनीनं रायवळ आंब्यांची टोपली पुढ्यात ठेवली. रायवळ काही कापून खात नाहीत. मी एकच हातानं दाबून माचवला आणि चोखला, तोही दुसऱ्या बाजूनं, म्हणजे अक्कल वापरून! तिसऱ्या रात्री कळ सुरू झाली ती थेट कानात आणि कानशिलात. गोळी घेतली, फरक शून्य. टॉर्च लावून आरशात बघितलं तर लालकाळ्या गुठळीच्या जागी करडं-पांढरं हाड, आणि तोंडाला असा वास की मलाच ओकारी आली. सकाळी डॉक्टरांनी खड्डा धुऊन लवंग तेलातल्या युजेनॉलच्या औषधाची पट्टी आत बसवली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. पट्टी आणखी दोनदा बदलावी लागली.

म्हणून निदान तीन दिवस हे बंद: शहाळं स्ट्रॉनं पिणं (पेल्यात ओतून प्या), आंबा चोखणं, कुर्लीच्या (खेकड्याच्या) नांग्या चोखणं, विडी-सिगरेट आणि मिश्री. मिश्रीवरून म्हाताऱ्यांशी माझं कायम भांडण. ती भाजलेली तंबाखूच आहे, आणि तुम्ही ती बोटानं जखमेशेजारी घासताय. जिभेनं खड्डा चाचपायचा नाही. थुंकायचं नाही, लाळ गिळायची. माझी आयेच मला म्हणाली होती, "रगात पोटात कित्याक घालूचां?" थोडंसं रक्त पोटात गेलं तर काही होत नाही गो.

कळ आलीच तर घरी लवंग कोंबू नका आणि नुसत्या लवंग तेलाचा बोळाही ठेवू नका, हिरडी भाजते. मेडिकलमधून मनानं अँटिबायोटिक आणूनही उपयोग नाही, उघडं हाड गोळीनं झाकत नाही. दवाखान्यात या.

पहिल्या दिवशी गालावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ, पंधरा मिनिटं ठेवा, पंधरा मिनिटं काढा. शेक नको. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते, मग उतरते.

चोवीस तासांनंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. तोंडात घ्या, मान हळू इकडे-तिकडे कलती करा, बेसिनवर वाका आणि तोंड उघडा. पाणी आपोआप पडू दे. पिचकारी नको. जेवणानंतर प्रत्येक वेळी.

खायला उकड्या तांदळाची पेज, कोमट करून. मऊ भात-ताक. सोलकढी चालेल, मिरची न घालता. मासळीवाचून राहवत नसेल तर चौथ्या दिवशी मोरी (मुशी मासा) खा, तिला काटे नसतात. तिखट बेतानं.

वरची दाढ काढल्यावर नजर कमी होते का, हा रोजचा प्रश्न. नाही होत. दाताची नस वेगळी, नजरेची वेगळी.

दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. तिसऱ्या दिवशी उलट वाढलं, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर एसटीची वाट बघत बसू नका, रिक्षा करा. टाके असतील तर साधारण आठवड्यानं काढायला या. विरघळणारे असतील तर तेही नको.